गावातली सिस्टर आणि तिच्या कामामागचा इतिहास

नर्सिंगच्या पोरींना कम्युनिटी हेल्थचा पेपर म्हणजे निव्वळ पाठांतर वाटतं. होम व्हिजिट, प्रिव्हेन्शनच्या तीन लेव्हल्स, लोकसहभाग, लिहायचं आणि मोकळं व्हायचं. पण यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी वस्तीत जाऊन, कधी चुकत तर कधी हरत शोधलेली आहे, ते कळलं की हा विषय खरंच आवडायला लागतो.

होम व्हिजिटचंच बघा. १८५९ साली इंग्लंडात लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची बायको आजारपणात गेली, तिची शेवटची सेवा मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सनं घरी राहून केली होती. रॅथबोनच्या मनात आलं की पैसा असूनही आपल्याला हिचा एवढा आधार वाटला तर गरिबांच्या घरात काय होत असेल, म्हणून त्यानं तिलाच तीन महिन्यांसाठी गरीब वस्तीत घरोघरी जायला पगारावर ठेवलं. महिन्याभरात ती परत आली, म्हणाली एवढं दुःख मला बघवत नाही, सोडा मला. त्यानं समजूत घातली, ती पुन्हा गेली आणि मुदत संपेपर्यंत तिला त्यात एवढा अर्थ वाटायला लागला की पुढं हेच काम करायचं ठरवलं. नंतर फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या सल्ल्यानं तिथं नर्सेसचं ट्रेनिंग स्कूल निघालं आणि शहराचे भाग पाडून एकेका भागाला एकेक नर्स दिली गेली. १८९३ मध्ये न्यूयॉर्कला लिलियन वाल्ड त्याच्याही पुढं गेली, ती स्थलांतरितांच्या वस्तीतच राहायला गेली. पेशंट एकटा आजारी नसतो, त्याचं घर, पाणी, मजुरी सगळं त्या आजारात असतं, हे तिच्या कामातून ठळक झालं.

आपल्याकडं १९१८ मध्ये दिल्लीत लेडी रीडिंग हेल्थ स्कूलमध्ये हेल्थ व्हिजिटर, म्हणजे घरोघरी जाऊन आरोग्याचं बघणाऱ्या बायका, तयार व्हायला लागल्या, पण संख्या अगदीच तुटपुंजी. देशाची आरोग्यव्यवस्था कशी असावी ते सांगायला सरकारनं नेमलेल्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालात अख्ख्या ब्रिटिश इंडियात नर्सेस साधारण ७,००० आणि हेल्थ व्हिजिटर ७५० एवढ्याच दिसतात! याच समितीनं सांगितलं की उपचार आणि प्रतिबंध वेगळे ठेवू नका, गावाजवळ केंद्र काढा. १९५२ पासून पीएचसी, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रं, सुरू झाल्या, आणि पूर्ण नर्स गावोगाव पुरवणं शक्य नव्हतं म्हणून कमी मुदतीचं ट्रेनिंग घेतलेली एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) आली. बाळंतपण करणारी, आई आणि लेकराकडं बघणारी बाई, ही तिची मूळ कल्पना.

पुढं जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. साठच्या दशकात कुटुंब नियोजनाची टार्गेट आली, १९७३ ला सरकारच्या कर्तारसिंग समितीनं एएनएमला बहुउद्देशीय आरोग्यसेविका करा म्हणून सांगितलं, नंतर तिचा कोर्सही दोन वर्षांवरून १८ महिन्यांवर आला आणि ५,००० लोकसंख्येचं उपकेंद्र, लसीकरण, पात्र (मूल होण्याच्या वयातल्या) जोडप्यांचं रजिस्टर, मलेरियाच्या स्लाइड्स, नसबंदी ऑपरेशनच्या केसेस सगळं एकट्या बाईच्या अंगावर पडलं. बाळंतपणाचं कसब मागं पडत गेलं. टार्गेट अधिकृतपणे १९९६ मध्ये काढली, तोवर गावाच्या नजरेत सिस्टर म्हणजे ऑपरेशनला न्यायला येणारी बाई झाली होती, आणि विश्वास एकदा गेला की तो परत मिळवायला पिढी जाते.

आपल्याच महाराष्ट्रात तेव्हा दुसरी वाटही शोधली जात होती. १९७० पासून जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी आधी एएनएमना गावात ठेवून बघितलं, पण बाहेरून आलेल्या तरुण मुलीला गाव आपलं मानेना. मग गावातल्याच बायका निवडल्या, बऱ्याच दलित, बऱ्याच निरक्षर, आणि त्यांना शिकवलं. नर्सचं काम काढून घेतलं नाही, उलट ती या बायकांना शिकवणारी, पाठीशी उभी राहणारी झाली. लोकसहभाग काय असतो ते मला पुस्तकापेक्षा इथं जास्त कळतं. १९७८ ला अल्मा आटा इथल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेच्या जाहीरनाम्यात प्राथमिक आरोग्य सेवेचं जे चित्र मांडलं गेलं, तसं काम जामखेडला आधीच चालू होतं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेनं हीच वाट नवजात बाळापर्यंत नेली. गावातल्या शिकवलेल्या बाईनं घरी जाऊन बाळाचं वजन करायचं, ऊब द्यायची, इन्फेक्शन ओळखून उपचार करायचे. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले, १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं. २००५ ला आशाताई, म्हणजे गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्या, आल्या आणि २०११ पासून देशभर घरी जाऊन नवजात बाळ तपासायचा कार्यक्रम त्यांच्याकडं दिला, दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी भेट. म्हणजे मेरी रॉबिन्सन जे करत होती तेच, फक्त आता दिवस ठरलेत, हातात वजनकाटा आणि थर्मामीटर आहे, आणि काही बिघडलंय असं वाटलं तर फोन करायला उपकेंद्रात एएनएम आहे, अर्थात ती जागा भरलेली असेल तर.