मागच्या ब्रेकचा पिस्टन नुसत्या दाबाने आत का जात नाही?

कन्नड घाट उतरून चाळीसगावच्या सपाटीला लागलो आणि ब्रेक दाबला की मागच्या डाव्या चाकातून बारीक किंचाळी ऐकू यायला लागली. टपरीवर चहाला थांबलो, तर गाडी थांबता थांबता तिथल्या बाबांनीही विचारलं, "भाऊ, आवाज कसाना शे?"

हा आवाज मुद्दाम ठेवलेला असतो. ब्रेकचं पॅड म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या चकतीला, डिस्कला, दाबून थांबवणारी जाड पट्टी. बऱ्याच गाड्यांत पॅडच्या लोखंडी पाठीला जिभेसारखी एक छोटी पत्री असते. नवं पॅड साधारण १० मिलिमीटर जाड असतं. झिजून २-३ मिलिमीटरवर आलं, की ती जीभ डिस्कला टेकते आणि ओरडते.

पॅड झिजतं कशाने, ते बघा. १२०० किलोची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून थांबवायची तर सुमारे ३ लाख ज्यूल ऊर्जा चाकांशी जिरवावी लागते. एक लिटर पाणी ३० अंशांवरून उकळीला आणायला जवळपास तेवढीच लागते. घाटात तर विचारू नका. दर १०० मीटर उंची उतरण्यामागे त्याच गाडीची जवळजवळ १२ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते, म्हणजे ८०च्या वेगावरून चार वेळा थांबण्याइतकी. उतरताना दुसऱ्या गिअरमध्ये राहिलं, तर त्यातला मोठा वाटा इंजिन उचलतं. नाहीतर सगळा भार त्या चार डिस्कवर येतो. जळगाव-धुळ्याच्या मे महिन्यात बाहेरची हवाच कधी कधी ४५ अंशांच्या आसपास जाते, हेही लक्षात ठेवा.

रविवारी सकाळी अंगणातल्या फरशीवर गाडी घेतली. (छोट्या गाड्यांत मागे बहुधा ड्रम आणि शू असतात, त्यांचं काम वेगळं. आमच्या गाडीला चारही चाकांना डिस्क आहेत.) पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी विटा लावल्या, गाडी गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक सोडला, कारण तो ओढलेला असेल तर मागचं कॅलिपर (डिस्कवर बसलेला, पॅड धरणारा चिमटा) सुटत नाही. चाकाचे नट जमिनीवरच थोडे ढिले केले, मग जॅक लावला आणि खाली स्टँड दिला. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हात घालू नका. हे मी अगदी कळकळीने सांगतोय.

खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर केलं आणि पॅड हातात आली. बाहेरच्यात अजून चार मिलिमीटर शिल्लक होते, आतलं मात्र लोखंडाला टेकायच्या बेतात. एकाच चाकात एवढा फरक का? या कॅलिपरला पिस्टन (ब्रेक ऑइलच्या दाबाने पुढे येणारा दट्ट्या) एकच असतो, आतल्या बाजूला. तो आतलं पॅड डिस्कवर दाबतो. जेवढ्या जोराने दाबतो तेवढ्याच जोराने कॅलिपर मागे ढकललं जातं, दोन पिनांवर सरकतं आणि बाहेरचं पॅड ओढून डिस्कवर आणतं. न्यूटनचा तिसरा नियम इथे रोज राबतो. आमच्या गाडीची एक पिन काळ्या मातीच्या धुळीने आणि सुकलेल्या ग्रीसने जाम झाली होती. कॅलिपर सरकेना, म्हणून आतल्या पॅडवरच भार. अशा वेळी नुसती पॅड बदलून भागत नाही. पिना पुसून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावलं, तेव्हा त्या बोटाने सरकायला लागल्या.

आता खरी गंमत पिस्टनची. नवी पॅड जाड, त्यामुळे पिस्टन आत घ्यावा लागतो. पुढच्या चाकांत तो बहुधा सरळ दाबून जातो. मागे, हँडब्रेकची केबल कॅलिपरलाच येत असेल, तर पिस्टनच्या पोटात आटे असलेला दांडा असतो. पॅड झिजेल तसा पिस्टन त्या आट्यांवर थोडा थोडा पुढे येतो, म्हणून हँडब्रेकची ओढ कायम सारखी राहते. तो दाबत दाबत फिरवूनच आत जातो, बहुतेक गाड्यांत घड्याळाच्या दिशेने. जोर करून नुसता दाबला, तर आतली यंत्रणा मोडू शकते. बटणाचा हँडब्रेक असेल, तर आधी त्याची मोटर सर्व्हिस मोडमध्ये (म्हणजे पिस्टन मोकळा सोडून मागे) घ्यावी लागते; ते जमत नसेल तर गाडी सरळ गॅरेजला न्या.

पिस्टन आत जातो तसं ब्रेक ऑइल टाकीत वर चढतं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. हे ऑइल हवेतली ओल पिऊन घेतं. नवं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ती हमी १५५वर येते. ऑइल उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दबते आणि पॅडल पोकळ लागतं.

दोन्ही मागच्या चाकांची पॅड एकदमच बदलली. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर) लोंबकळू नये म्हणून चाकाजवळच्या स्प्रिंगला सुतळीने बांधून ठेवलं होतं. धूळ फुंकली नाही, ओल्या फडक्याने पुसली, कारण ती छातीत जाणं बरं नाही.

इंजिन चालू करायच्या आधी पॅडल दाबलं, तर पाय थेट तळाला गेला. पिस्टन अजून पॅडपर्यंत पोचलेला नसतो. चार-पाच वेळा दाबल्यावर पॅडल घट्ट झालं. मगच गाडी गल्लीत काढली आणि पन्नासच्या वेगावरून दहापर्यंत हलकेच ब्रेक, असं आठ-दहा वेळा केलं. मधे पूर्ण थांबलो नाही, कारण तापलेलं पॅड एकाच जागी दाबून धरलं तर त्याचा लेप डिस्कवर तिथेच चिकटतो. चाक हाताळलं तेव्हा रिम कोमट होती, दोन्ही बाजूंना सारखीच.