दलदलीला लागलेली कडी

कॅनडातल्या वणव्यांची किंवा सैबेरियातल्या उष्णतेच्या लाटेची बातमी आली की एक शेरा हमखास ऐकू येतो: "तिकडे जरा ऊब आली तर बिघडलं कुठे? बर्फ हटेल, झाडं फोफावतील. कार्बन डायऑक्साइड म्हणजे तर झाडांचं खाद्यच!" या शेऱ्याला हसण्याआधी एक सांगायला हवं. स्वांते अऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञांचं मतही असंच काहीसं होतं. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी किती तापेल, याचं गणित त्यांनी 1896 मध्ये मांडलं, आणि त्यामुळे थंड प्रदेशांचं हवामान सुखावह होईल, अशी आशाही पुढे बोलून दाखवली.

शेऱ्यात अर्धं तथ्य आहेच. उत्तर गोलार्धातल्या वनस्पती उन्हाळ्यात हवेतला कार्बन ओढून घेतात आणि हिवाळ्यात पालापाचोळा कुजताना तो परत सुटतो. त्यामुळे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणात दरवर्षी चढउतार होतो. 45 अक्षांशाच्या उत्तरेला विमानांतून घेतलेली 1958 ते 1961 मधली मोजमापं आणि अर्ध्या शतकानंतरची मोजमापं शेजारी ठेवली, तर हा चढउतार जवळपास दीडपट झालेला दिसतो. म्हणजे तिथली जंगलं खरोखरच जास्त जोमाने वाढताहेत.

पण झाडं मोजून उत्तरेचा हिशेब लागत नाही. तिथला खरा साठा पायाखाली आहे. स्प्रूस आणि पाइन या सूचिपर्णी झाडांच्या तिथल्या अफाट पट्ट्यात जागोजागी दलदली पसरल्या आहेत, आणि त्यांत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी, स्पंजासारखा थर साचला आहे. हे पीट. जगातल्या सगळ्या पीटभूमी मिळून जमिनीचा जेमतेम 3 टक्के भाग व्यापतात. तरीही उत्तरेकडच्या पीटमध्ये 400 ते 500 अब्ज टन कार्बन असावा, असा अंदाज आहे. पृथ्वीवरच्या यच्चयावत जिवंत वनस्पतींमध्ये मिळून साधारण तेवढाच, म्हणजे 450 अब्ज टनांच्या आसपास कार्बन आहे! पीटचा थर वर्षाला सरासरी एखादा मिलिमीटर वाढतो. दोन-तीन मीटरच्या थराची सुरुवात हिमयुग ओसरल्यानंतरच्या काळात झालेली असते.

इतकी हजारो वर्षं ते सगळं कुजलं कसं नाही? मला या विषयात सगळ्यात जास्त गंमत इथेच वाटते.

थंडी हे उत्तर अपुरं आहे. 1950 मध्ये डेन्मार्कमध्ये पीट खणताना एक प्रेत सापडलं. चेहरा इतका शाबूत, की खणणाऱ्यांना नुकताच खून झाला असावा असं वाटलं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं. टोलुंड मॅन या नावाने प्रसिद्ध झालेला हा माणूस सुमारे 2400 वर्षांपूर्वीचा निघाला. डेन्मार्क काही बारमाही गोठलेला देश नाही. कुजणं थांबवणारं दुसरं काहीतरी दलदलीत होतं.

त्याचा एक भाग म्हणजे स्फॅग्नम. या शेवाळाला मुळं नसतात. त्याच्या पानांतल्या मोठ्या, मृत, पोकळ पेशी पाणी धरून ठेवतात, इतकं की कोरड्या वजनाच्या वीसपट पाणी त्यात सहज मावतं. शिवाय ते पाण्यातले कॅल्शियमसारखे आयन शोषून बदल्यात हायड्रोजन आयन सोडतं. परिणामी पाणी आम्लधर्मी होतं, सामू 4 च्या घरात जातो आणि कुजवणाऱ्या जिवाणूंची पंचाईत होते. स्फॅग्नम स्वतःला हवी तशी दलदल स्वतःच घडवतं, असं म्हटलं तरी चालेल.

दुसरा भाग जास्त नाजूक आहे. वेल्समधल्या बँगोर विद्यापीठाचे ख्रिस फ्रीमन आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये तो मांडला. सेल्युलोजसारखे मोठे रेणू तोडण्याचं काम हायड्रोलेज गटातली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, करतात. त्यांना ऑक्सिजन लागत नाही. मग पाण्याखाली ती काम का करत नाहीत? कारण पीटमध्ये फिनॉल वर्गातली संयुगं साचलेली असतात आणि ती या विकरांना निष्क्रिय करतात. ही संयुगं नष्ट करू शकणारं विकर आहे फिनॉल ऑक्सिडेज, आणि त्याला मात्र ऑक्सिजन लागतो. पाणी साचलेल्या पीटमध्ये ऑक्सिजन नाही, म्हणून फिनॉल ऑक्सिडेज थंड, म्हणून फिनॉलं शाबूत, म्हणून हायड्रोलेज अडकलेली, म्हणून पीट टिकून. एका विकराच्या अडचणीवर अब्जावधी टन कार्बनचं कुलूप! फ्रीमन यांनी याला कडी म्हटलं. पाण्याची पातळी खाली गेली की हवा आत शिरते आणि कडी निघते. बरं, पाणी परत आलं म्हणून ती लगेच पुन्हा लागत नाही, कारण फिनॉलं आता विरळ झालेली असतात. दुष्काळ सरल्यावरही कुजणं चालू राहू शकतं ते यामुळे.

रसायनशास्त्र इतकं सरळ असतं तर बरं झालं असतं. लोह भरपूर असलेल्या पाणथळ जागी हवा शिरली की फेरस लोहाचं फेरिक होतं, ते लिग्निनला, म्हणजे लाकडाला टणकपणा देणाऱ्या घटकाला, धरून बसतं आणि उलट थोडं संरक्षणच देतं. त्यामुळे सगळ्या दलदलींना एकच नियम लावता येत नाही.

पाणी असलं तरी एक गळती चालूच असते. ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव मिथेन, म्हणजे कार्बन डायऑक्साइडपेक्षा जास्त उष्णता अडवणारा वायू, बनवतात, आणि वरच्या हवेशीर थरातले दुसरे जिवाणू त्यातला बराचसा वाटेतच खाऊन टाकतात. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी 1776 मध्ये माज्जोरे सरोवराच्या काठी चिखल ढवळून या वायूचे बुडबुडे गोळा केले आणि पेटवून दाखवले. युरोपात दलदलीवर दिसणाऱ्या दिव्यांना भटके आत्मे मानत. ऊब वाढली की जमिनीतला साठा एकदम बाहेर पडेल, या भीतीने आजचे मथळे दलदलीतल्या या वायूला 'मिथेन बॉम्ब' म्हणतात. भूत गेलं आणि बॉम्ब आला, एवढाच फरक.

या बॉम्बची परीक्षा प्रत्यक्ष दलदलीतच घेतली गेली. अमेरिकेत मिनेसोटाच्या उत्तरेला मार्सेल जंगलात ओक रिज नॅशनल लॅबोरेटरी आणि वनसेवा यांनी 'स्प्रूस' नावाचा प्रयोग उभारला. जिवंत दलदलीवर सुमारे 12 मीटर व्यासाचे, वरून उघडे असे दहा पारदर्शक कक्ष. कक्षागणिक तापमानवाढ वेगळी: शून्यापासून 9 अंश सेल्सिअसपर्यंत. निम्म्या कक्षांत कार्बन डायऑक्साइडही वाढवलेला. 2014 मध्ये आधी फक्त खोलवरचं पीट तापवलं. पृष्ठभागावरून मिथेन वाढला खरा, पण किरणोत्सारी कार्बनने त्याचं वय पाहिलं तर तो ताज्या कार्बनपासून बनलेला निघाला. खोलवरचा प्राचीन साठा जागचा हलला नव्हता. बॉम्ब फुटला नाही.

पण 2015 पासून हवाही तापवू लागल्यावर चित्र पालटलं. तीन वर्षांतच तापवलेल्या कक्षांतली दलदल कार्बन साठवण्याऐवजी गमावू लागली, आणि तापमान जितकं जास्त तितका तोटा जास्त. सर्वांत उष्ण कक्षांत जमीन झाकणारं स्फॅग्नम निम्म्याहून कमी उरलं. जास्तीचा कार्बन डायऑक्साइड, ते झाडांचं खाद्य, त्याला वाचवू शकला नाही. झुडपांची बारीक मुळं मात्र सुकत्या पीटमध्ये कैक पटींनी वाढली. आणि 2016 च्या वसंतात उबेला भुलून लवकर फुटलेली कोवळी पालवी नेहमीच्या कडाक्याने होरपळली. उबेने झाडांचं भलंच होतं, असं म्हणणाऱ्यांनी हा निकाल जरूर वाचावा.

वणवे हा वेगळा विषय आहे. 2023 मध्ये कॅनडात सुमारे दीड कोटी हेक्टर क्षेत्र जळालं. सुकलेलं पीट ज्वाळेविना धुमसतं आणि कधीकधी बर्फाखाली हिवाळा काढून वसंतात पुन्हा पेटतं.

हवामानबदलाची वाट न पाहता माणसाने ही कडी स्वतःही काढली आहे. फिनलंडने विसाव्या शतकात झाडं वाढावीत म्हणून आपल्या जवळपास निम्म्या पीटभूमीत चर खणून पाणी काढून टाकलं. स्कॉटलंडच्या उत्तरेला फ्लो कंट्री नावाच्या पीटभूमीवर 1980 च्या दशकात करसवलतीच्या लोभाने सूचिपर्णी झाडांची लागवड झाली. आता तिथे ती झाडं तोडून, चर बुजवून पाणी परत आणलं जात आहे, आणि 2024 मध्ये युनेस्कोने फ्लो कंट्रीला जागतिक वारसा ठरवलं. हवामानासाठी झाडं तोडणं 'एक झाड लावा' म्हणणाऱ्यांना पटवणं कठीण आहे. त्यात पाणी परत आल्यावर सुरुवातीला मिथेन वाढतो, म्हणून काही जण या कामालाच नावं ठेवतात. पण मिथेन हवेत दहा-बारा वर्षं टिकतो, आणि उघड्या पीटमधून सुटणारा कार्बन डायऑक्साइड शतकानुशतकं. पाणी परत आणण्यात उशीर केला तर फायद्यापेक्षा तोटाच जास्त.