भाड्याचं घर बदललं की पत्ता कुठे, कसा आणि कोणत्या क्रमाने बदलायचा

महाराष्ट्रात भाड्याने राहणाऱ्या कुटुंबाने घर बदललं की सगळ्यात आधी हातात यायला हवा तो नोंदणी केलेला लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे घराचा भाडेकरार. आधार, मतदार यादी, गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र), बँक, मुलांची शाळा या सगळ्या ठिकाणी नवा पत्ता दाखवायचा तो याच कागदावर. म्हणून बाकीचे अर्ज भरायला बसण्याआधी हे काम संपवा.

‘करार ११ महिन्यांचाच आहे, नोंदणीची गरज नाही, स्टॅम्प पेपरवर नोटरी करून टाकू’ असं एजंट अजूनही सांगतात. एकदा आम्हीही ते ऐकलं. पुढे बँकेने तो कागद परत केला आणि मालकांना पुन्हा गाठून नव्याने करार करावा लागला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे मुदत कितीही असो, करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्याला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं मानलं जातं. मालक टाळाटाळ करत असतील तर हा मुद्दा शांतपणे त्यांच्या कानावर घाला. नोंदणीत त्यांचंही हित आहे.

खर्च वाटतो तितका नाही. पूर्ण मुदतीचं भाडं, परत न मिळणारी रक्कम असल्यास ती, आणि परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेवर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क लागतं. समजा भाडं १५,०००, मुदत १२ महिने आणि डिपॉझिट २ लाख. भाड्याचे १,८०,००० आणि व्याजाचे २०,००० मिळून २ लाख, म्हणजे शुल्क ५०० रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. एजंटची फी वेगळी, ती आधीच विचारून घ्या. नोंदणी आता ऑनलाइन होते आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन माणूस घरीही येतो. मालक, भाडेकरू आणि दोन साक्षीदार यांचे आधार क्रमांक तयार ठेवा. मालक आणि भाडेकरूंचे पॅनही लागतात.

इथे एक गोष्ट आवर्जून करा. करारात भाडेकरू म्हणून नवरा-बायको दोघांचीही नावं घाला. बहुतेक घरांत करार एकट्या नवऱ्याच्या नावावर होतो आणि मग बायकोला प्रत्येक कार्यालयात ‘तुमच्या नावाचा पुरावा आणा’ हे उत्तर मिळतं.

करार हातात आला की आधार. आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक चालू असेल तर हे काम घरबसल्या होतं. नवा पत्ता मराठीत आपोआप उमटतो तेव्हा तो नीट वाचा, कारण गल्लीचं किंवा सोसायटीचं नाव तिथे हमखास बिघडतं आणि तीच चूक पुढच्या प्रत्येक कागदावर जाते. सासू-सासरे, मुलं किंवा करारात नाव नसलेली पत्नी यांच्यासाठी २०२३ पासून कुटुंबप्रमुखाच्या आधारावरून पत्ता बदलण्याची सोय आहे. कुटुंबप्रमुख १८ वर्षांवरचा हवा आणि नातं दाखवणारा कागद हवा. रेशन कार्ड, विवाह नोंदणी प्रमाणपत्र, पासपोर्ट चालतो. अर्ज भरल्यावर कुटुंबप्रमुखाने ३० दिवसांच्या आत ऑनलाइन संमती द्यायची असते. ती दिली नाही तर अर्ज बंद होतो आणि भरलेली फी परत मिळत नाही.

यानंतर मतदार यादी. हे काम सगळ्यात जास्त राहून जातं आणि त्याचीच मला सर्वांत जास्त काळजी वाटते. घर बदललं की नवा नमुना ६ भरू नका. तो पहिल्यांदा नाव नोंदवणाऱ्यांसाठी आहे. ऑगस्ट २०२२ पासून स्थलांतरासाठी नमुना ८ आहे, मतदारसंघ तोच असो वा दुसरा. मतदार ओळखपत्राचा क्रमांक घाला, ‘निवासस्थान बदल’ निवडा, आधार किंवा नोंदणीकृत करार जोडा. केंद्रस्तरीय अधिकारी पडताळणीला घरी येऊ शकतात, म्हणून शेजाऱ्यांना तुमचं नाव माहीत असू द्या. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही. महापालिका आणि जिल्हा परिषदेच्या याद्याही विधानसभेच्या यादीवरूनच तयार होतात. इथे नाव हललं नाही तर आपल्या गल्लीतला नगरसेवक निवडतानाही मत जुन्याच प्रभागात राहतं. निवडणूक जाहीर होण्याची वाट पाहू नका. शंका असेल तर १९५० वर फोन करा.

गाडी असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे ३० दिवसांच्या आत आरटीओला नवा पत्ता कळवायचा असतो. नमुना ३३, आरसी, चालू विमा, पीयूसी आणि पत्त्याचा पुरावा लागतो. गाडीवर कर्ज असेल तर वित्तपुरवठादाराची संमतीही. ड्रायव्हिंग लायसन्सचा पत्ता आधार पडताळणीने ऑनलाइन बदलतो, म्हणूनच आधार आधी करायचं.

मुलाला आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) २५ टक्के राखीव जागांसाठी अर्ज करायचा असेल तर भाडेकरूंना नोंदणीकृत करारच दाखवावा लागतो, नोटरीचा चालत नाही. अर्ज सुरू झाल्यावर धावपळ करून तो मिळवणं कठीण जातं.

गॅस त्याच शहरात दुसऱ्या एजन्सीकडे न्यायचा असेल तर सिलिंडर जमा करावा लागत नाही, फक्त कनेक्शन वर्ग होतं. शहर बदलत असेल तर सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करून अनामत परत घ्या आणि मिळालेलं व्हाउचर जपून ठेवा. नव्या गावात त्यावरच जोडणी मिळते. रेशन कार्डाचा पत्ता बदलायला वेळ लागला तरी धान्य अडत नाही. एक देश एक रेशन कार्डमुळे अंगठा लावून नव्या भागातल्या दुकानातून ते घेता येतं. जुन्या भागातल्या पोस्टात लेखी अर्ज दिला की टपालही नव्या पत्त्यावर वळवता येतं.

आणि जुन्या घराची किल्ली परत देण्याआधी वीज मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्या तारखेपर्यंतचं बिल भरून पावती मालकांना पाठवा. डिपॉझिटमधून ‘शेवटचं बिल’ म्हणून अंदाजे रक्कम कापली जाते ती बहुधा हा फोटो नसल्यामुळेच.