प्लास्टिक पार्टचा रंग ठरवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

ड्रॉइंगवर मापं दोन दशांश स्थळांपर्यंत दिलेली असतात आणि रंगाच्या रकान्यात नुसतं ‘निळा’ लिहिलेलं असतं. निळ्याला आमची हरकत नाही. पण कुठला निळा, कुठल्या दाण्यात (म्हणजे कुठल्या कच्च्या प्लास्टिकात), चकचकीत की खरखरीत, घरात वापरायचा की उन्हात, हे कळल्याशिवाय नीट भाव सांगता येत नाही. काही वेळा तर साच्याचं मापही पक्कं करता येत नाही. म्हणून रंगाची चर्चा साचा कापायच्या आधी व्हावी, असा आमचा आग्रह असतो.

रंगामुळे माप बदलतं

पुष्कळांना हे पटत नाही, म्हणून आधी तेच सांगतो. पॉलिप्रॉपिलीन आणि एचडीपीई ही प्लास्टिकं थंड होताना त्यांच्या आत बारीक स्फटिक तयार होतात आणि पार्ट आकसतो. निळ्या-हिरव्या छटांसाठी सर्रास वापरली जाणारी थॅलोसायनिन रंगद्रव्यं या स्फटिकांना बीज पुरवतात. स्फटिक लवकर धरतात, आकसण्याचं प्रमाण आणि दिशा बदलते, आणि सपाट झाकण वाकतं. नॅचरल, म्हणजे रंग न घातलेल्या दाण्यात टचकन बसणारं झाकण निळ्यात सैल किंवा घट्ट होतं, ते यामुळे. एकच झाकण चार-पाच रंगांत हवं असेल तर तसं आधीच सांगा. पार्ट कमी वाकवणाऱ्या रंगद्रव्यांचा मास्टरबॅच (प्लास्टिकमध्ये मिसळायचा दाट रंगाचा दाणा) मागवता येतो. एबीएस किंवा पॉलिकार्बोनेटमध्ये स्फटिक धरत नाहीत, त्यामुळे तिथे ही काळजी नाही.

दाण्याचा स्वतःचा रंग

रंग कोऱ्या कागदावर चढत नाही. एबीएसचा दाणा मुळात पिवळसर, हस्तिदंती असतो. पॉलिप्रॉपिलीन दुधट आणि अर्धपारदर्शक, तर पॉलिकार्बोनेट आणि ॲक्रिलिक काचेसारखे स्वच्छ. एकच छटा या तीन तऱ्हांच्या दाण्यांत टाकली तर तीन वेगळे रंग निघतील. तुमच्या वस्तूची बॉडी एबीएसची आणि बटण पॉलिप्रॉपिलीनचं असेल, तर दोन्हींसाठी रंग स्वतंत्रपणे जुळवावा लागतो आणि त्याचा खर्चही वेगळा धरावा लागतो.

काचतंतू घातलेल्या नायलॉनमध्ये पांढरा शुभ्र रंग मागू नका. तंतू पृष्ठभागावर डोकावतात, रंग मळकट दिसतो. अशा पार्टला काळा किंवा गडद राखाडी घ्या, असंच आम्ही सांगू.

मास्टरबॅच म्हणजे रंगद्रव्य दाट कालवलेला दाणा. तो साधारण १ ते ४ टक्के मिसळतात. २ टक्के म्हटलं तर १०० किलो नॅचरल दाण्याला २ किलो. आधीच रंगवलेला तयार दाणाही मिळतो. त्यात रंग अधिक एकसारखा येतो, पण तो महाग पडतो आणि थोड्या मालासाठी कोणी बनवून देत नाही. काही ग्राहक दुसऱ्या कामातून उरलेला मास्टरबॅच पिशवीत घेऊन येतात. हेतू काटकसरीचा असतो, पण पॉलिथिलीनच्या आधारावर बनलेला मास्टरबॅच पॉलिकार्बोनेटमध्ये टाकला तर पार्टचे पापुद्रे निघतात आणि तो ठिसूळ होतो. शिवाय पॉलिकार्बोनेटचा वितळलेला रस २८० ते ३२० अंश सेल्सिअसला चालतो. २०० अंशांना टिकणारी काही सेंद्रिय रंगद्रव्यं तिथे करपतात. चमचमत्या फ्लुओरोसंट रंगांना तर उष्णता फारच कमी सोसते.

नमुना कसा द्यावा

मोबाइलवरचा फोटो नमुना म्हणून धरू नका. प्रत्येक स्क्रीन आपापला रंग दाखवतो. पॅन्टोन किंवा राल या प्रमाण रंगकार्डांचा नंबर दिला तर बोलायला पक्का आधार मिळतो. मात्र पॅन्टोनच्या नंबरामागचं ‘सी’ किंवा ‘यू’ लिहायला विसरू नका. पहिलं चकचकीत कागदावरचं, दुसरं साध्या कागदावरचं, आणि दोन्हींत चांगलाच फरक पडतो. तरीही ही कार्डं म्हणजे कागदावरची शाई किंवा रंगाचा लेप. सगळ्यांत उत्तम म्हणजे हातात धरता येईल असा प्लास्टिकचा तुकडा, शक्यतो त्याच दाण्याचा आणि त्याच पोताचा.

पोताचं एवढं का? एकाच पार्टवर अर्धा भाग पॉलिश आणि अर्धा टेक्श्चर असेल, तर पॉलिश भाग गडद आणि खोल दिसतो, खरखरीत भाग फिका, जरा धूळ बसल्यासारखा. रंग एकच, मास्टरबॅच एकच. फरक फक्त प्रकाश परतण्याचा. ‘दोन शेड आल्यात’ अशा तक्रारीत हे कारण बरेचदा निघतं. जाडीचंही तसंच. अर्धपारदर्शक रंगात पातळ भिंत फिकी आणि जाड बूड गडद दिसणारच.

किती फरक चालेल, ते आकड्यात ठरवा. यंत्र रंगाची तीन मापं घेतं : उजळ-गडदपणा, लाल-हिरवेपणा आणि पिवळा-निळेपणा. नमुन्यापासूनचं एकूण अंतर म्हणजे डेल्टा ई. साधारण १ च्या आतला फरक डोळ्याला जेमतेम कळतो. दोन पार्ट एकमेकांना खेटून बसणार असतील तर आम्ही १ धरतो. वेगवेगळे राहणार असतील तर २ पुरतो. सगळीकडे ०.५ लिहून ठेवलं तर रिजेक्शन वाढतं आणि पैसे तुमचेच जातात. आकड्याला डोळ्याची जोडही हवी : भडक लाल-पिवळ्यात खपून जाणारा फरक राखाडीत लगेच खटकतो.

तपासणी कुठल्या प्रकाशात, हेही लिहा. वेगवेगळी रंगद्रव्यं वापरून जुळवलेले दोन तुकडे ट्यूबलाइटखाली एकसारखे आणि दिवसाच्या उजेडात चक्क वेगळे दिसू शकतात. आम्ही दिवसाच्या प्रमाण उजेडात, म्हणजे डी ६५ खाली पाहतो. वस्तू दुकानातल्या दिव्यांखाली विकली जाणार असेल तर तिथला प्रकाशही धरतो. आणि मशिनमधून नुकताच निघालेला गरम पार्ट उचलून शेड नापास करू नका. गरम असताना रंग, विशेषतः लाल, वेगळा दिसतो. पूर्ण थंड होऊ द्या.

काळा, पांढरा आणि बाकीचे

काळा स्वस्त आणि सोशिक. रनरचा (साच्यात रस नेणाऱ्या वाटेत उरलेल्या प्लास्टिकचा) दळलेला माल त्यात बेमालूम मिसळतो. शिवाय नीट पसरलेला २ टक्क्यांच्या आसपासचा कार्बन ब्लॅक पॉलिथिलीनला उन्हापासून वर्षानुवर्षं वाचवतो. पाण्याचे पाइप काळे असण्यामागे हेच कारण आहे. मात्र चकचकीत काळ्यावर बोटांचे ठसे, चरे आणि वेल्ड लाइन (रसाचे दोन प्रवाह जुळतात तिथली रेघ) सगळं दिसतं. पार्टमागे इन्फ्रारेड सेन्सर असेल तर साधा काळा चालणार नाही, कारण कार्बन ते किरण गिळतो. याच कारणामुळे भंगार वेगळं करणाऱ्या इन्फ्रारेड यंत्रांनाही काळं प्लास्टिक ओळखता येत नाही. वस्तू पुनर्वापरात जावी असं वाटत असेल तर याचाही विचार करा.

पांढऱ्यावर एक काळा ठिपका आला तरी पार्ट बाद. पारदर्शक त्याहून नाजूक. मेटॅलिक आणि पर्ल रंगांत चकाकीचे कण रसाच्या प्रवाहाबरोबर आडवे-तिडवे होतात, त्यामुळे भोकांच्या मागे रेघा उमटतात. गेटची, म्हणजे रस साच्यात शिरतो त्या तोंडाची जागा बदलून त्या लपवता येतात, पण साचा तयार झाल्यावर नाही.

उन्हात राहणाऱ्या वस्तूसाठी एबीएसऐवजी एएसए हे प्लास्टिक सुचवू. एबीएसमधलं रबर उन्हाने पिवळं पडतं. रंगद्रव्याचा उजेडातला टिकाऊपणा १ ते ८ या मापात मोजतात, ८ सर्वांत चांगला. बाहेरच्या कामाला ७ च्या खालचं घेऊ नये, असं आमचं मत आहे. खेळणी, अन्नाचे डबे किंवा विजेची उपकरणं असतील तर तेही कळवा. युरोपच्या रोहस (घातक पदार्थांवर बंधन घालणाऱ्या) नियमात विजेच्या उपकरणांसाठी शिशाची मर्यादा ०.१ टक्के आणि कॅडमियमची ०.०१ टक्के आहे. जुन्या भडक पिवळ्या-लाल रंगद्रव्यांत नेमकी हीच असत.

मंजुरी आणि पुढची ऑर्डर

एका मशिनवर रंग बदलताना बॅरल (दाणा वितळवणारी नळी) धुवायला दाणा आणि वेळ दोन्ही जातात. फिक्यावरून गडदकडे जाणं सोपं, काळ्यावरून पांढऱ्याकडे येणं जिकिरीचं. म्हणून एकाच पार्टचे अनेक रंग असतील तर ऑर्डर एकत्र द्या. आम्ही फिक्यापासून सुरुवात करतो. थोडे थोडे नग सुटे मागवले की प्रत्येक वेळी धुण्याचा खर्च नव्याने लागतो.

मंजुरीसाठी तीन चिप (रंगीत प्लास्टिकचे छोटे तुकडे) पाठवतो : हवा तो रंग, चालेल इतका फिका आणि चालेल इतका गडद. तिन्हींवर सही करून एक संच तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे राहतो. तो बंद पाकिटात, अंधारात ठेवा. खिडकीत ठेवलेली चिप काही महिन्यांनी स्वतःच बदलते. पुढच्या ऑर्डरवर रंगाच्या नावाबरोबर मास्टरबॅचचा कोड आणि मागचा लॉट नंबर लिहा. दोन्ही पहिल्या चलनावर छापलेले असतात.