खेळ की क्रीडा? : एका अभ्यासविषयाची पार्श्वभूमी

खेळाचे समाजशास्त्र या नावाचे स्वतंत्र पुस्तक जर्मनीत १९२१ साली निघाले, पण पुढची चाळीसेक वर्षे त्याला फारशी सोबत मिळाली नाही. समाजशास्त्रवाल्यांना खेळ हलका विषय वाटे, शारीरिक शिक्षणवाल्यांना समाजशास्त्र परके. १९६० च्या दशकात आंतरराष्ट्रीय समिती झाली, १९६६ पासून वॉर्सातून नियतकालिक निघू लागले. इंग्लंडमधली फुटबॉलची हुल्लड आणि १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये पदक घेताना कृष्णवर्णीय अमेरिकन धावपटूंनी वर्णभेदाविरुद्ध उंचावलेल्या काळ्या हातमोज्यांतल्या मुठी यांनी उरलेली शंकाही मिटवली.

आपल्याकडे सामग्रीची कधीच वाण नव्हती. मुंबईत धर्मवार संघांचे क्रिकेट सामने १९४६ पर्यंत होत होते. हिंदू संघातल्या अव्वल दलित गोलंदाजाला कर्णधारपद नाकारले गेले, त्याच्या धाकट्या भावाला ते १९२३ मध्ये मिळाले. याचा नीट अभ्यास व्हायला मात्र शतक संपत आले.

खरी गाठ बसते ती व्याख्येत. शारीरिक कौशल्य, लिखित नियम, स्पर्धा, संघटना, असे निकष पाश्चात्त्य अभ्यासकांनी लावले. मराठीत ‘खेळ’ त्याहून कितीतरी ऐसपैस: मंगळागौरीचे खेळ, पत्त्यांचा खेळ, दशावताराचा खेळ, सिनेमाचा रात्रीचा खेळसुद्धा. ‘क्रीडा’ हा शब्द वर्तमानपत्राच्या पानावरचा आणि सरकारी कागदावरचा.

ठाण्यात हा शब्दांचा घोळ थेट रस्त्यावर दिसतो. २०१२ मध्ये इथेच दहीहंडीच्या मानवी मनोऱ्याचा, नऊ थरांचा, ४३.७९ फुटांचा जागतिक विक्रम झाला. २०१४ मध्ये उच्च न्यायालयाने उंचीला २० फुटांची आणि गोविंदांच्या किमान वयाला १८ वर्षांची मर्यादा घातली. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. २०१७ मध्ये वयोमर्यादा १४ वर आली आणि उंचीची अट गेली. मग २०२२ मध्ये राज्य सरकारने दहीहंडीला साहसी क्रीडाप्रकार मानून गोविंदांना नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा कोट्याचा लाभ जाहीर केला. स्पर्धा परीक्षेची मुले चिडली. त्यांचा राग समजण्यासारखा होता: ज्या खेळात गुणपत्रिका नाही, जिल्हा-राज्य अशी चढण नाही, तिथे खेळाडू ठरवायचा कसा? तरीही ‘हा तर सण, क्रीडा कसली’ हे उत्तर मला अपुरे वाटते. कबड्डीलाही नियमावली विसाव्या शतकातच मिळाली.

गुरुपौर्णिमेपासून रात्री दहानंतर गल्लीत सराव चालतो. पायातली, म्हणजे सर्वांत खालच्या थरातली, माणसे खांद्याला खांदा भिडवून मान आत घेतात, दुसरा थर त्यांच्या मांडीवर पाय देऊन चढतो. सर्वांत वर जाणारा गोविंदा, म्हणजे एक्का, हेल्मेटचा पट्टा दोनदा ओढून बघतो. पायातले बहुतेक जण दिवसभर राबून आलेले असतात. थर कोसळला की सगळा भार त्यांच्यावर येतो आणि फोटो मात्र एक्क्याचा छापून येतो. श्रम कोणाचे, धोका कोणाचा, नाव कोणाचे, हेच तर या शाखेचे मूळ प्रश्न. २०२३ पासून मुंबईत बंदिस्त प्रेक्षागृहात गोविंदांची लीगही सुरू झाली. निकषांतली स्पर्धा आणि संघटना अशा रीतीने भरून निघाली, पण पायातल्या माणसाच्या विम्याची चौकशी अजून मंडळाच्या कट्ट्यावरच होते.