एरंडेल ते डिटॉक्स : घरच्या ‘शुद्धी’ची पार्श्वभूमी

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे होऊ लागले की सोलापुरात डिटॉक्सची, म्हणजे शरीरातली ‘विषे’ काढून टाकण्याची चर्चा सुरू होते. मोबाइलवर फिरणारे तक्ते बहुधा एकाच साच्यातले असतात. उठल्याबरोबर कोमट पाण्यात लिंबू-मध, मग दुधी भोपळ्याचा नाहीतर गव्हांकुराचा रस, दुपारी नुसते सूप, संध्याकाळी फळे, झोपताना त्रिफळा. भाकरी, भात, चहा आणि शेंगाची चटणी बंद. मुदत तीन दिवस किंवा सात, हिंमत असेल तर दहा. कुणाला हे आजीच्या काळापासून चालत आलेले वाटते, तर कुणाला परदेशी खूळ. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे, कारण या तक्त्यात वेगवेगळ्या घरच्या गोष्टी येऊन मिसळल्या आहेत आणि मिसळताना काही कामाच्या गोष्टी गळून पडल्या आहेत.

उपवासाचा यात संबंध दिसतो त्यापेक्षा कमी आहे. पंढरपूर याच जिल्ह्यात असल्याने इथे एकादशी कुणाला शिकवावी लागत नाही. शहरातल्या जैन घरांत दशलक्षण पर्वातले उपवास होतात, रमजानचे रोजे होतात, नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या बायका तर गल्लोगल्ली आहेत. पण यातला कुठलाही उपवास आतडी धुण्यासाठी नव्हता. तो व्रत होता आणि किती दिवस करायचा हे वजनकाटा नव्हे, तिथी ठरवत असे. शरीर हलके होणे हा झाला तर वरचा लाभ. आणि ‘एकादशी दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्या समाजाला तो दर वेळी होत नाही हेही ठाऊक होते.

आयुर्वेदाचा धागा मात्र खरा आहे. वमन (उलटी करवणे), विरेचन (जुलाब देणे), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकात औषध सोडणे) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) ही पाच शोधनकर्मे, म्हणजे शरीरशुद्धीचे उपचार, पंचकर्म म्हणून ओळखली जातात. (चरकसंहितेत रक्तमोक्षणाऐवजी बस्तीचे दोन प्रकार वेगळे मोजले आहेत.) त्यांना ऋतूचे बंधन होते : वसंतात कफासाठी वमन, पावसाळ्यात वातासाठी बस्ती, शरदात पित्तासाठी विरेचन. पावसाळा सरल्यावर घरोघरी पोरांना नाक दाबून पाजले जाणारे एरंडेल हे या शरदातल्या विरेचनाचेच घरगुती रूप म्हणता येईल. सुंठीच्या काढ्यातून एरंडेल, दिवसभर मुगाचे कढण, दुसऱ्या दिवशी मऊ भात. कोठा साफ झाला की विषय संपला.

शास्त्रातली पद्धत याहून बरीच कडक होती. शोधनाआधी स्नेहन-स्वेदन करायचे, म्हणजे ठरलेल्या मात्रेत तूप किंवा तेल द्यायचे आणि मग घाम काढायचा. गर्भवती, अशक्त, फार वृद्ध आणि लहान मुले यांना बहुतेक शोधनातून वगळलेले. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पोट रिकामे झाल्यावर आहारात परत कसे यायचे याचा सविस्तर क्रम होता. त्याला संसर्जन क्रम म्हणतात. आधी पेया म्हणजे पातळ पेज, मग दाट विलेपी, मग यूष म्हणजे कढण, असे करत नेहमीच्या जेवणावर यायचे. शुद्धी किती झाली त्यावरून हा क्रम तीन, पाच किंवा सात दिवसांचा. म्हणजे विरेचन एका दिवसाचे आणि परतीची वाट आठवडाभराची. आजच्या तक्त्यांत नेमका हाच भाग सापडत नाही. सातव्या रात्री सूप आणि आठव्या सकाळी वडा, असाच बहुतेकांचा क्रम दिसतो.

शिवाय आयुर्वेदात बाहेर काढायचे ते वाढलेले दोष, म्हणजे वात, पित्त, कफ. ‘आतड्यात साचलेली विषे’ ही भाषा बरीचशी युरोपातून आली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॅरिसमध्ये शार्ल बुशार यांनी असा सिद्धान्त मांडला की शरीर स्वतःच्याच टाकाऊ द्रव्यांनी विषबाधित होते. १९०८चे नोबेल मिळवणारे इल्या मेचनिकॉफ मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंना म्हातारपणाचे कारण मानत आणि आंबट दुधाचा पुरस्कार करत. लंडनचे नामांकित शल्यविशारद विल्यम आर्बथनॉट लेन यांनी तर बद्धकोष्ठाच्या रुग्णांची मोठी आतडी कापून काढली. अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात जॉन हार्वे केलॉग एनिमा आणि दह्याचा सपाटा लावत होते. हेच ते कॉर्नफ्लेक्सवाले. १९१९ मध्ये वॉल्टर अल्वारेझ या अमेरिकी डॉक्टरांनी या कल्पनेला साधा प्रश्न विचारला : शौचाला होताच डोकेदुखी आणि जडपणा लगेच थांबतो, मग विष रक्तातून इतक्या झटपट गेले कुठे? वैद्यकाने हळूहळू तो सिद्धान्त सोडला. लोकांनी सोडला नाही.

भारतात ही हवा निसर्गोपचाराच्या वाटेने आली. लाइपझिगच्या लुई कूने यांचे म्हणणे असे की सर्व रोगांचे मूळ एकच, शरीरात साठलेले परके द्रव्य. त्यांचे कटिस्नान (कमरेपर्यंत पाण्यात बसणे) गांधीजींनी स्वतः केले आणि इतरांना सांगितले. १९४६ मध्ये गांधीजींनी उरुळी कांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केले आणि ते पुढे मणिभाई देसाईंनी चालवले. गाव पुणे-सोलापूर रस्त्यावरचे. उपास, रसाहार, मातीच्या पट्ट्या, एनिमा हे शब्द मराठी मध्यमवर्गाच्या बोलण्यात रुळण्यात अशा केंद्रांचा मोठा वाटा आहे. पण तिथे माणूस दाखल होतो आणि त्याच्यावर देखरेख असते. घरी करताना ती देखरेख सुटली.

लिंबूपाण्याचा दहा दिवसांचा प्रकार अमेरिकेचा. स्टॅन्ली बरोज यांनी लिंबू, मेपलचा पाक, तिखट आणि पाणी एवढ्यावर राहण्याची ही पद्धत १९४०च्या दशकात बसवली आणि १९७६ मध्ये त्यावर पुस्तक काढले. त्यांच्याकडे उपचार घेणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाच्या एका रुग्णाचा मृत्यू झाला. ते प्रकरण १९८४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. खुनाचा ठपका रद्द झाला, परवान्याशिवाय वैद्यकी केल्याचा कायम राहिला. तरीही २००६ मध्ये गायिका बियॉन्सेने एका भूमिकेसाठी हेच करून वजन उतरवले आणि पद्धत जगभर पोचली. आपल्याकडे मेपलच्या जागी मध आला आणि तिखट गेले.

वजन उतरते हे खरेच आहे. यकृत आणि स्नायूंत साठवलेले ग्लायकोजन, म्हणजे शरीराचा साखरेचा साठा, पहिल्या एक-दोन दिवसांत झपाट्याने कमी होते आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी जाते. काट्यावर एक-दीड किलो कमी दिसते ते बरेचसे हेच, आणि जेवण सुरू झाले की ते परत येते. विष काढण्याचे काम यकृत आणि मूत्रपिंडे रोज करतात. मूत्रपिंडे दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात. बाजारातल्या डिटॉक्स आहारांचा २०१५ मध्ये आढावा घेतला गेला, तेव्हा त्यांच्या बाजूने एकही नीट नियंत्रित मानवी चाचणी आढळली नाही. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना नुसत्या रसावर राहणे थेट धोक्याचे, कारण साखर अचानक खाली येऊ शकते. आणि एप्रिल-मेच्या सोलापुरात, पारा चाळिशीपार असताना, जुलाबाचे औषध घेऊन शरीरातले पाणी-मीठ घालवण्याला काय म्हणावे?

तक्त्यातल्या दुधीच्या रसाचा इतिहास अगदी अलीकडचा आहे. २०१० मध्ये दिल्लीत कडू दुधीचा रस प्यायल्याने एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने प्रकरणाची छाननी केली. दुधीत कधीकधी कुकुरबिटासिन ही विषारी द्रव्ये वाढतात आणि त्यांची खूण म्हणजे कडूपणा. समितीने सांगितले की आधी तुकडा चाखून पाहा, कडू लागला तर फेकून द्या, रस दुसऱ्या कशात मिसळू नका, आणि प्यायल्यावर उलट्या, जुलाब किंवा पोटदुखी सुरू झाली तर लगेच दवाखाना गाठा, कारण यावर उतारा नाही. सकाळी फिरायला जाणाऱ्यांच्या आवडीचा रस मात्र बऱ्याचदा दुधी-कारल्याचा एकत्र असतो. त्यात कडू कशामुळे लागते आहे हे ओळखायला जीभ उपयोगाची नाही.