मुद्रित मंडल, हौशी (ग्रामीण विदर्भ)

तांब्याचा पातळ थर चिकटवलेल्या निरोधक फळीवर रेखाटन करून नको असलेले तांबे रसायनाने काढणे, तीवर सुटे भाग झाळणे आणि क्वचित त्या भागांचे कवच फोडून आतील सिलिकॉन पाहणे, ही मुद्रित मंडलाची (पीसीबीची) घरगुती कारागिरी. विदर्भाच्या खेड्यांत ती रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या टपऱ्यांतून व आयटीआय झालेल्या मुलांच्या हातून रुजली असे दिसते. कोऱ्या फळीला ‘प्लेट’, भाग बसवलेल्या फळीला ‘किट’ म्हणतात. फिनॉलिक (कृत्रिम राळेत भिजवलेल्या कागदाची) फळी ‘हायलम’ या व्यापारी नावानेच मागतात.

मुद्रित मंडलाचे जनकत्व वादग्रस्त आहे. श्रेय सामान्यतः पॉल आइस्लर याला देतात. ऑस्ट्रियात जन्मलेल्या आइस्लरने १९३६ च्या सुमारास लंडनमध्ये असे मंडल वापरून रेडिओ बनवला आणि १९४३ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. तथापि आल्बर्ट हान्सन याच्या १९०३ च्या पेटंटात निरोधकावर चिकटवलेल्या सपाट धातुपट्ट्या, त्याही एकाहून अधिक थरांत, आढळतात. चार्ल्स ड्यूकस याने १९२५ मध्ये साच्यातून वाहक शाई उमटवण्याची कल्पना मांडली. आइस्लरची पेटंटे अमेरिकी न्यायालयात १९६३ मध्ये टिकली नाहीत, याचाही दाखला दिला जातो. मात्र हान्सनच्या पट्ट्या कापून चिकटवायच्या होत्या. अख्ख्या पत्र्यातून नको तेवढे तांबे रसायनाला खाऊ घालायचे, ही टपरीवरची रीत आइस्लरच्याच कुळातली मानणे अधिक सयुक्तिक.

रेखाटन पूर्वी ऑइलपेंट वा नेलपॉलिशने होई. आता ते संगणकावर करून गुळगुळीत कागदावर उलटे छापून आणतात व कपड्यांच्या इस्त्रीने प्लेटवर उतरवतात. छपाई लेझर यंत्राचीच हवी. टोनरमधले प्लास्टिक वितळून तांब्याला धरते, शाईचे तसे होत नाही. मग प्लेट ‘फेरिक’मध्ये, म्हणजे फेरिक क्लोराइडच्या द्रावणात, बुडवतात. फेरिक क्लोराइडचे दोन रेणू तांब्याचा एक अणू विरघळवतात. फेरस व क्युप्रिक क्लोराइड तयार होतात. नेहमीचा थर ३५ मायक्रोमीटर जाडीचा. कोमट द्रावण भराभर काम करते, आणि वैशाखात विदर्भात ते तापवावे लागत नाही, उन्हात ठेवले की झाले. भांडे प्लास्टिकचे हवे; ॲल्युमिनियमच्या पातेल्याशी फेरिकची जोरदार अभिक्रिया होऊन भांड्याला भोक पडते. वापरलेल्या द्रावणात धुण्याचा सोडा घालून तांबे साक्याच्या रूपाने खाली बसवतात. ते तसेच मोरीत वा विहिरीजवळ ओतणे घातक.

या फळ्यांवर मुख्यतः पंपाचे ‘ऑटो’ आणि रानडुक्कर-रोह्यांना (नीलगायींना) रोखण्यासाठी कुंपणात विजेचा झटका सोडणारी झटका मशीन बनतात. थ्री फेज लाईन ठरावीक तास, तीही अनेकदा रात्री. म्हणून लाईन येताच मोटार सुरू करणारा ऑटो. तिन्ही फेज आहेत याची खात्री न करणारा ऑटो मोटार जाळतो. मोबाइलवरून चालणाऱ्या प्रकारात जुना फोन कॉल आपोआप उचलतो आणि ८८७० ही आयसी (चिप) दाबलेल्या बटणाचे दोन स्वर ओळखते. तिला लागणारा ३.५८ मेगाहर्ट्झचा स्फटिक मुळात अमेरिकी रंगीत टीव्हीचा.

कवच फोडण्याचे कारण बहुधा बनावट माल. धातूच्या टोपीचा २एन३०५५ ट्रान्झिस्टर आरीने कापला की आतला सिलिकॉनचा तुकडा दिसतो. तो वाजवीपेक्षा लहान निघाला तर मालाची लायकी कळते. काळ्या इपॉक्सीच्या आयसीसाठी प्रयोगशाळेत धूमायमान नायट्रिक आम्ल वापरतात. ते सोन्याच्या तारांना धक्का लावत नाही, पण घरी त्याच्या वाटेला जाऊ नये. डाखकामातलीच राळ ३०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून तीत आयसी उकळण्याची रीतही हौशी मंडळींत आहे. धूर तिथेही चुकत नाही. जुन्या ईप्रॉमला (अतिनील प्रकाशाने पुसता येणाऱ्या स्मृती-चिपला) मात्र वरच क्वार्ट्झची खिडकी असते, त्यामुळे कवच न फोडताच आतील सिलिकॉन दिसते.